आधी कुणाला कळलं

४ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू फोनवर बोलत नाहीस याबद्दल तक्रार करणं मी आता सोडलं आहे. दिवसभर कमी ऐकू येणाऱ्या माणसांशी ओरडून बोलल्यावर संध्याकाळी तोंड मिटून बसावंसं वाटतं, हे तुझं म्हणणं मला पटतं. आणि खरं सांगायचं तर पत्रात तू जास्त बोलतेस.

सोबत एक तक्ता पाठवते आहे, तो भरून दे. आमच्या संस्थेने वर्षभर एक प्रयोग केला. माणसं श्रवणयंत्र घेतात आणि कपाटात ठेवून देतात ही तुझी नेहमीची रड, तर ते कानात राहतं कशाने, हे पाहायचं होतं. नव्याने यंत्र घेतलेली हजारभर माणसं घेतली, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दहा गट केले आणि प्रत्येक गटावर एकेक उपाय केला. एका गटाला डॉक्टरांचं कडक पत्र गेलं. एकाला कळवलं की तुमच्या वयाची बहुतेक माणसं यंत्र रोज घालतात. एकाला महिनाभर नीट घातल्यास छोटंसं बक्षीस. एका गटात घरातल्या माणसाला बोलावून सांगितलं की उद्यापासून यांच्याशी हळू आवाजात बोला. असे दहा. रोज किती तास घातलं ते यंत्रातच नोंदलं जातं, त्यामुळे थापा मारायची सोय नाही.

निकाल अजून बंद आहे. तो उघडण्याआधी साठ अभ्यासकांना आणि दोनशे साध्या माणसांना आम्ही विचारतो आहोत की कुठल्या उपायाने किती तास, ते आधीच सांगा. माणसाचं मन कुठे आणि कसं घसरतं हे त्यावर पुस्तकं लिहिणाऱ्यांना जास्त कळतं की इतरांना, हे एकदा दिसेल. तू साध्या माणसांत आहेस, मी पंडितांत. नाक मुरडू नकोस.

आता टिटवीबद्दल. तू सहज लिहून गेलीस की तिने खोली बदलली आणि नव्या खोलीची खिडकी शेजारच्या गच्चीवर उघडते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तिची आई, आणि तिची खिडकी कुठे उघडते ते मला तिच्या मामीच्या पत्रातून कळतं. असो. ती तुझ्यापासून तासाभरावर राहते आणि माझ्यापासून दिवसभराच्या प्रवासावर, एवढाच याचा अर्थ, असं मी स्वतःला सांगते.

तिने आमच्याकडच्या सहायक संशोधकाच्या जागेसाठी अर्ज केला आहे हे तुला कळलं असेलच. मी निवड समितीतून लेखी बाहेर पडले. दर वर्षी असते, या वर्षी नाही. हे तिला इतक्यात सांगू नकोस. आई आपल्यासाठी काही सोडते आहे असं वाटलं की तिचं डोकं फिरतं. जागा तिच्या गुणांवर मिळावी. मिळाली तर तीन वर्षं ती माझ्या जवळ असेल. हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले.

दादाला नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी,
वन्सं


१५ जानेवारी

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तक्ता भरून पाठवला आहे. कोपऱ्यात पेन्सिलीने बडबड केली आहे, ती चालत नसेल तर खोडरबर तुमच्याकडे असेलच.

तुमच्या 'बहुतेक माणसं घालतात'ला मी शेवटून दुसरं ठेवलं. सत्तरीच्या माणसाला बहुतेक माणसांत बसायचंच नसतं हो. तो म्हणतो, बहुतेकांना गरज असेल, मला कुठे आहे? डॉक्टरांच्या पत्राने तीन दिवस फरक पडतो, चौथ्या दिवशी पत्र हरवतं. बक्षीस दाखवलं की माणूस आधी चिडतो, मग ते घेतो, मग मशीन काढून ठेवतो. सगळ्यांत वर मी हळू बोलण्याचा उपाय ठेवला. घरचे ओरडून बोलतात तोवर मशीन लागतच नाही. ओरडायचे थांबले की पहिल्या आठवड्यात भांडण होतं, दुसऱ्या आठवड्यात मशीन कानात जातं. तास मात्र मी अंदाजाने लिहिलेत, आकड्यात माझा जीव नाही.

आणि आता हसा. ही माझी सगळी विद्या घरच्या एका माणसावर चालत नाही. तुमच्या दादांचं मशीन गेल्या वर्षापासून शर्टाच्या खिशात आहे. मी त्यांच्याशी ओरडल्याशिवाय बोलू शकत नाही, तीस वर्षांची सवय आहे. काय करायला हवं ते मला माहीत आहे. पण ते करणाऱ्यांत मी नाही.

वर्तमानपत्रात आलेला तुमचा लेख यांनी कापून पाकिटात ठेवलाय. बँकेत दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला, आमच्या क्लिनिकमध्ये येऊन माझ्याच पेशंटना दाखवला. माझी बहीण, माझी बहीण. एकोणीस वर्षं मी इथे मशीन कानात नीट बसावं म्हणून कानाचे साचे करते आहे, पण बायको काय करते असं कुणी विचारलं तर हे सांगतात की दवाखान्यात असते. तुमचा काय दोष त्यात. मी आपलं लिहिलं.

टिटवी शनिवारी येते. अर्धा दिवस असतो, पेशंट कमी असतात. मागच्या खोलीत माझ्याशेजारी बसून ती साच्यांच्या कडा घासते, गुलाबी भुकटीने तिच्या भुवया भरतात. माझ्यापेक्षा तिचा हात हलका आहे. बोलते कमी. परवा तुमच्याकडच्या जागेचा विषय निघाला होता. बरी आहे ती. काळजी करू नका.

हे नमस्कार सांगतात, म्हणजे मी त्यांच्या वतीने लिहिते. माया कमी करू नये.

आपली,
वहिनी


२० फेब्रुवारी

सौ. वहिनींस,
नमस्कार.

टिटवीने जागा नाकारली. निवड झाली होती, पहिला क्रमांक होता. तिने संस्थेला दोन ओळींचं पत्र पाठवलं आणि ते मला आमच्या टंकलेखिकेकडून कळलं. तिला वाटलं मला माहीत असेल, म्हणून तिने माझं सांत्वन केलं. मी मान हलवली, आणि माहीत असल्यासारखा चेहरा करून माझ्या खोलीत गेले.

मी टिटवीला फोन केला. ती म्हणाली, नंतर सविस्तर सांगीन. मी विचारलं, मामीला माहीत आहे का? ती गप्प बसली. तेवढं मला पुरलं.

तुम्ही तिला काय सांगितलंत ते मला ठाऊक नाही. पण दर शनिवारी ती तुमच्या मागच्या खोलीत बसते आणि तुमच्यासारखं काम करते, हे तुम्हीच मला मोठ्या आनंदाने लिहिलंत. माझ्याकडे येण्यापेक्षा ती तिथे साचे घासणं पसंत करते, हे मला आता स्पष्ट दिसतं आहे. तुम्हाला ते आधीपासून दिसत असेल.

टिटवीचे बाबा गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती. चार वर्षांची झाल्यावर तिला तुमच्याकडे ठेवून मी शिकायला परदेशी गेले. तो निर्णय आपण तिघांनी मिळून घेतला होता. तीन वर्षांनी परतले तेव्हा विमानतळावर ती तुमच्या मागे लपली, आणि तिला पुढे ढकलायला तुम्हाला जरा वेळ लागला. जरा. तो वेळ मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून जे काही होतं ते आधी तुम्हाला कळतं. दात पडला, शाळेत बक्षीस मिळालं, नाटकात भाषण विसरली, प्रेमात पडली, प्रेमातून उठली. मी दुसऱ्या दिवशीची बातमी वाचणारी.

प्रयोगाचे निकाल उघडले. तुमचा तक्ता नियमात बसला नाही. तुम्ही याच धंद्यातल्या असल्यामुळे साधी व्यक्ती म्हणून तुम्हाला धरता येत नाही. त्यामुळे तो यादीतून वगळला आहे. तसदीबद्दल आभार.

दादास नमस्कार.

आपली,
(टिटवीची आई)


१ मार्च

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीस वर्षं मला तू म्हणत आलात, या वेळी 'तुम्ही' लिहिलंत. वरची 'ती.'ही गेली. मी समजले.

टिटवीने जागा नाकारल्याचं मला माहीत नव्हतं. तुमच्याच पत्रातून कळलं. ती गप्प बसली म्हणजे मला माहीत आहे, असं तुम्ही धरून चाललात. पण तुमचा संशय चुकला असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल.

जानेवारीत एका शनिवारी तिने मला विचारलं होतं की ती जागा घ्यावी का. घासायचं मशीन चालू होतं, मी साचा घासत होते. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझी आईच असते ना त्या समितीत, दर वर्षी." एवढंच. खोटं त्यात अक्षर नाही. तुम्ही या वर्षी लेखी बाहेर पडलात ते तुम्ही मला कळवलं होतं, आणि सांगू नकोस असंही लिहिलं होतं. ते 'सांगू नकोस' मला फार सोयीचं पडलं.

तुम्ही माणसाच्या मनावर शिकवता. मी शिकलेली नाही. पण समोर खुर्चीत बसलेलं माणूस कुठल्या शब्दाने पुढे येईल आणि कुठल्या शब्दाने मागे सरेल, ते मला कळतं, दिवसभर तेच तर करते मी. आईच्या वशिल्याने मिळालं असं नुसतं कुणी म्हणायचा अवकाश, ही पोर त्या दारात पाय ठेवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तेच बोलले. दुसरं काही बोलले असते तर ती गेली असती. मी विचार करून बोलले, वन्सं. तोंडातून निसटलं असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण नाही निसटलं.

विमानतळाचं तुम्ही लिहिलंत. मी तिला धरून नव्हते ठेवलं. माझा हात तिच्या पाठीवर होता आणि तो पुढे जाईना. तुम्ही दोन दिवसांत तिला घेऊन गेलात. बरोबरच होतं, तुमची होती. तिची लहान खुर्ची मोटारीत मावली नाही म्हणून तुम्ही म्हणालात, राहू द्या, नवी घेऊ. त्याच महिन्यात मी ही नोकरी धरली, कारण घरात बसवत नव्हतं. तुम्ही नवी खुर्ची घेतली असेल. तिच्या अर्जावर, शाळेच्या दाखल्यावर, प्रत्येक कागदावर तुमचं नाव असतं. माझं नाव कुठल्याच कागदावर नाही. मला बातम्या आधी कळतात त्या एवढ्याचसाठी मी जपते, दुसरं माझ्याकडे काय आहे?

आजच टिटवीलाही लिहिलं. तुम्ही समितीत नव्हता हे सांगितलं, आणि मी ते का लपवलं तेही सांगितलं. अजून वेळ गेली नसेल तर ती जागा घेऊन तुमच्याकडे येईल. शनिवारी माझ्याकडे यायची नाही कदाचित.

तक्त्याचं काही नाही. मी उगाच त्यात मन घातलं होतं.

माया मागायला तोंड नाही. उरली असेल तर ठेवा.

वहिनी


१२ मार्च

ती. सौ. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

आठ-नऊ दिवस उत्तर लिहिलं नाही. पहिले पाच दिवस रागात गेले. तो राग खरा होता आणि अजून थोडा शिल्लक आहे, ते लपवत नाही. तुझ्या एका वाक्याने माझी तीन वर्षं गेली. तू ते जाणून केलंस. तू कबूल केलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं, हेही मी रागाच्या भरात पुन्हा पुन्हा मनात घोळवलं, आणि त्यामुळेच राग पुरता टिकेना.

पुढचे दिवस दुसऱ्याच कारणाने गेले. मीही तुला एक गोष्ट सांगितलेली नाही.

निकाल उघडले तेव्हा असं दिसलं की यंत्र किती तास वापरलं जाईल याचा आकडा अभ्यासकांनी बराच जवळ नेला होता. साधी माणसं तिथे सैरावैरा होती, तुझाही आकडा दुप्पट निघाला. पण कुठला उपाय वर आणि कुठला खाली, हा क्रम लावण्यात साधी माणसं आमच्या तोडीस तोड निघाली. आम्ही साठांपैकी बहुतेकांनी 'तुमच्या वयाचे बहुतेक लोक घालतात' याला वर बसवलं होतं, कारण त्यावर आमची पुस्तकं आहेत. तो नववा आला. पहिला आला तो हळू बोलण्याचा. दहांपैकी आठ उपाय जागच्या जागी लावणारं एकच माणूस सगळ्या दोनशे साठांत निघालं, आणि ते तू आहेस. साठ अभ्यासकांत माझा नंबर सत्तेचाळिसावा.

तक्त्यांवर नावं नव्हती, क्रमांक होते. पण तुझा क्रमांक मला पाठ होता. आणि तुझी पेन्सिलीची बडबड. 'चौथ्या दिवशी पत्र हरवतं.' मला पहिल्यांदा जे वाटलं ते आश्चर्य नव्हतं, वहिनी. माझ्या मनात आलं, हेसुद्धा?

मी वर्गात दर वर्षी शिकवते की माणूस आधी ठरवतो आणि कारण मागाहून शोधतो, आणि शोधलेलं कारण त्याला खरंच आधी सुचलं होतं असं वाटतं. मुलं हसतात, मीही हसते. त्या दुपारी मी दार लोटून घेतलं आणि टिपण लिहिलं की ही व्यक्ती व्यवसायातली असल्यामुळे वगळावी. लिहिताना मला तो नियम अगदी स्वच्छ वाटत होता. मी नियमाला धरून आहे याचं समाधानसुद्धा वाटलं. तुला ते कळवताना मी 'तुम्ही' लिहिलं ते टिटवीच्या रागाने, असं तू समजलीस. अर्धा राग टिटवीचा होता.

आमच्याकडे आकडेमोड पाहणारे एक शांत गृहस्थ आहेत. त्यांनी टिपण वाचून एवढंच विचारलं की यादीत अकरा परिचारिका आहेत, त्याही अशा माणसांतच काम करतात, त्यांचेही तक्ते काढायचे का. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. मी म्हणाले, पाहते. आठ दिवस पाहत बसले. कालच टिपण मागे घेतलं. तुझा तक्ता यादीत परत आहे, पहिल्या ओळीत. मी मागे घेतलं ते तुझ्या पत्रामुळे. तुझं पत्र आलं नसतं तर घेतलं असतं का, हे मला सांगता येत नाही. मी सांगितलं तरी तू विश्वास ठेवू नकोस.

हे वाचून दादा तुझ्याबद्दल बँकेत काही सांगेल अशी माझी अपेक्षा आहे. त्याला वाचायला दे. नाही वाचलं तर ओरडून सांग.

टिटवीचं उत्तर आलं का? मला नाही. तुला आलं असेल तर सांगू नकोस. नाही, सांग.

राग निवेल. त्याला जरा दिवस दे. लोभ कुठे गेलेला नाही.

तुझी,
वन्सं


२३ मार्च

ती. आई आणि ती. मामी,
दोघींना सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे. मजकूर एकच. एका प्रतीत आईचं नाव आधी आहे आणि एकीत मामीचं, आणि कुठली कुणाला जाते ते मी पाकिटं मिसळून ठरवलं. दोन्ही आज एकाच पेटीत एकाच वेळी टाकणार आहे. आता पुढचं वाचा.

मामी, तुझं पत्र मिळालं. आई, तुझे तीन निरोप मिळाले. तुम्ही दोघी समजता की मी ती जागा मामीच्या वाक्यामुळे नाकारली. तसं नाही. अर्ज मागवणाऱ्या पत्रकाच्या तळाशी समितीची नावं छापलेली होती. त्यात आई नव्हती. मला हे नोव्हेंबरापासून माहीत आहे. मामीने समितीचं म्हटलं तेव्हा ती साच्याकडे बघत होती आणि साचा घासून कधीच झाला होता. मामी खोटं बोलत नाही, पण अर्धं बोलते तेव्हा तिच्या हाताला उगाच काम लागतं. मला वाईट वाटलं, पण मी त्यावर काही ठरवलं नाही.

मी डिसेंबरातच दुसरीकडे ठरवलं होतं; मामीला जानेवारीत विचारलं ते नुसतं ती काय म्हणते ते पाहायला. समुद्राचा तळ मोजणारी एक तुकडी आहे. जहाजातून पाण्यात आवाज सोडायचा, तो तळाला लागून परत यायला किती वेळ घेतो ते टिपायचं, आणि त्यावरून नकाशा करायचा. सहा महिने पाण्यावर, दोन महिने जमिनीवर. मला तिथे घेतलं आहे. मी ध्वनी शिकले ती याच्याचसाठी, हे मला त्यांची जाहिरात वाचताना कळलं. आई, तुझ्याकडे अर्ज केला होता कारण नाही केला तर तुला वाटलं असतं की मी टाळते आहे. निवड होईल असं वाटलं नव्हतं. ती माझी चूक.

मी कुणालाच का सांगितलं नाही ते सांगते. नऊ वर्षांची असताना मला चित्राचं बक्षीस मिळालं. सुट्टीत मामीकडे होते म्हणून मामीला आधी सांगितलं. आईला आठवड्याने कळलं. ती छान म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी फार गोड वागली. पुढच्या वर्षी गायनात आले तेव्हा शहाणी होऊन आईला आधी सांगितलं. मामी काही बोलली नाही, पण माझे केस विंचरताना तिचा हात जड होता. तेव्हापासून मी मोजते. प्रत्येक गोष्ट कुणाला आधी, कुणाला नंतर, मागच्या वेळी कुणाला होती, या वेळी कुणाची पाळी. खोली बदलल्याचं मामीला सांगितलं, कारण त्याआधी ताप आलेला आईला सांगितला होता. पुढे पुढे सांगण्यासारखं काही होऊच नये असं वाटायला लागलं.

आई, तू लोक कुठे चुकतात ते शिकवतेस. मामी, तुझ्यासमोर माणूस बसलं की तुला ते कळतं. आणि माझ्या बाबतीत दोघींनी एकच धरलं, की मी जे करीन ते तुमच्यापैकी एकीकडे वळून किंवा एकीपासून पळून करीन. तिसरं काही मला हवं असेल हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

मी रागावलेली नाही. थोडी दमले आहे. मामी, मी शनिवारी येत नाही ते पत्रामुळे नाही, पोहण्याची परीक्षा असते म्हणून.

जहाज १० एप्रिलला सकाळी दहाला निघेल. धक्क्यावर भेटायला येता येतं. याल तर दोघी या. एकटी कुणी येऊ नका. मामालाही आणा, तो कुणाला आधी कळलं ते विचारत नाही.

दोघींवर सारखीच माया आहे. मोजून पाहू नका.

तुमची,
टिटवी


२७ मार्च, बुधवार

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

टिटवीचं पत्र सोमवारी दुपारी आलं. पाकिटाच्या मागे तिने लिहिलं होतं, 'आईलाही असंच, आजच टाकलं.' मी ते क्लिनिकच्या टेबलावर ठेवलं आणि बघत बसले. तुमच्याकडे टपाल आमच्यानंतर दोन दिवसांनी पोचतं. म्हणजे तुम्हाला बुधवारी. मी ठरवलं, बुधवारपर्यंत उघडायचं नाही.

हे म्हणाले, वेडी आहेस का, पोरीचं काय आहे ते तरी बघ. मी म्हणाले, काही वाईट असतं तर तिने फोन केला असता. दोन दिवस पेशंटसमोर माझं लक्ष नव्हतं. एका म्हातारबुवांच्या डाव्या कानाचं मशीन उजव्यात घातलं. तेही बिचारे बोलले नाहीत, वाटलं असेल नवीन पद्धत असेल. आज दुपारी एक वाजला, तुमचा पोस्टमन येऊन गेला असेल असं धरलं आणि मग फोडलं.

वाचून मागच्या खोलीत जाऊन बसले. केस विंचरल्याचं मला आठवतसुद्धा नाही, वन्सं. तिला आठवतं. मला वाटत होतं मी कधी काही दाखवलं नाही.

तुमच्या मागच्या पत्राबद्दल आधीच लिहायला हवं होतं. यांना ते वाचायला दिलं. यांनी ते सबंध वाचलं, मग माझा तक्ता पहिल्या ओळीत असल्याचं पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, दोनशे साठांत? दुसऱ्या दिवशी क्लिनिकच्या बाहेर उभे राहून औषधवाल्याला सांगत होते. मी आतून ऐकलं. तुमची सत्तेचाळिसावी जागा मात्र त्यांनी सांगितली नाही. तुमच्यावरचं त्यांचं प्रेम काही कमी झालेलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला ते थोडं खुपलंच.

नऊ तारखेला इकडे या. इथून धक्का दीड तासावर आहे, सकाळी सगळी मिळून निघू. वरच्या खोलीत तुमची सोय करते. तुमचा राग अजून असेल तर तोही घेऊन या, इथे बसून निवेल.

वाट बघते. माया असू द्यावी, माझ्याकडून आहे.

वहिनी


३० मार्च

ती. सौ. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. तू बुधवारपर्यंत थांबलीस, आणि मी काय केलं ते आता ऐक.

टिटवीचं पत्र या वेळी कसं कोण जाणे, मलाही सोमवारीच मिळालं. सकाळी अकराला. जिन्यातच पोस्टमनच्या हातून घेतलं आणि तिथेच उभ्याने फोडलं. पाकिटाची मागची बाजू मी नंतर पाहिली. ती वाचून माझ्या मनात काय आलं ते तुला सांगते, कारण तू मला तुझं सांगितलं आहेस. मला वाटलं, वहिनीचं बहुधा दुपारी येईल. म्हणजे दोन तास ते फक्त मला माहीत होतं. मुलगी सहा महिने समुद्रावर जाते आहे, तिने मला इतकं लिहिलं आहे, आणि मी ते दोन तास आनंदात होते. घड्याळ पाहत होते. नंतर लाज वाटली, ती आनंदाच्या मागून आली.

तुझ्या माझ्यात कोण जास्त जाणतं हा प्रश्न आता मी सोडून देते. टिटवी जे लिहिते ते मी चार वेळा वाचलं. प्रत्येक वेळी मला माझ्याबद्दलची वाक्यं पटतात आणि तुझ्याबद्दलची जास्त पटतात. तुझ्याकडे नक्की उलट होत असेल.

मी नऊला दुपारच्या गाडीने येते. मुक्काम दोन दिवस. राग बरोबर आणणार नाही, सामान जड होतं. तुझी मागची खोली मला एकदा पाहायची आहे, टिटवी जिथे बसते ती जागा. दाखवशील ना?

धक्क्याबद्दल मी विचार केला. आधी वाटलं, तुला लिहावं की तू पुढे उभी राहा, मी मागे थांबते. लिहायला घेतलं आणि कळलं की मला ते जमणार नाही, आणि मी ते केलं तरी आयुष्यभर तुला ऐकवीन. तेव्हा दोघी शेजारी शेजारी उभ्या राहू. ती तिच्या खोलीवरून सामान घेऊन येईल. जिच्याकडे ती आधी येईल तिने तिला जवळ घ्यावं आणि दुसरीने तिची बॅग धरावी. बॅग धरायची पाळी माझ्यावर आली, तर तेवढा वेळ माझ्या तोंडाकडे बघू नकोस. तुझ्यावर आली तर मीही बघणार नाही.

दादाला सांग, स्टेशनवर यायची गरज नाही. तू आलीस तर चालेल.

तुझीच,
वन्सं